हातभर खरे

मित्रांनो, एखाद्या गवंड्याच्या पिशवीत हात घालून पाहा. वर थापी लागेल, मग ओळंब्याचा दोरा बोटांना गुंडाळेल, आणि अगदी तळाशी, सिमेंटच्या भुकटीत लोळत पडलेली एक लाकडी पट्टी हाताला लागेल. ती मी. जुनी पाणसळ. आताच्या कामांवर मला या नावाने कुणी हाक मारत नाही. ‘लेव्हल दे’ म्हणतात. नाव कोणतेही घ्या, मला उठून येता येत नाही, आणि खरे सांगायचे तर आता उठून यावेसे वाटतही नाही. माझ्या कडांचे पितळ झिजले आहे. एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. काचेतला द्रव एकेकाळी कोवळ्या पानासारखा हिरवा होता, तो आता पाणचट चहासारखा दिसतो. बुडबुडा अजून हलतो, पण म्हाताऱ्या माणसाने खुर्चीवरून उठावे तसा, थोडा विचार करून.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लाकूड चांगले मुरलेले होते. रंधा मारून, घासून ते सरळ केले आणि त्याच्या मधोमध खाच पाडली. त्या खाचेत काचेची नळी बसवायचे काम एका बाईंकडे होते. त्या दिवसभर खिडकीपाशी बसत आणि फार कमी बोलत. तुम्हाला गंमत वाटेल, पण जिने सगळ्या जगाला सरळपणा शिकवायचा, तिच्या पोटातली नळी किंचित वाकडी असते. नळी अगदी सरळ असती तर बुडबुडा त्यात कुठेही भरकटला असता. तिला बारीकशी कमान असते, म्हणून तो सर्वांत उंच जागा शोधून तिथे थांबतो.

नळी बसवून झाल्यावर बाईंनी मला दगडी ओट्यावर ठेवले. बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला. शेजारी बसलेली नवी मुलगी म्हणाली, “झाली की! बरोबर दाखवतेय.”

“एका बाजूनं विचारलं तर कुणीही बरोबर दाखवतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला उचलून, डावे टोक उजवीकडे करून, त्याच जागी पुन्हा ठेवले. बुडबुडा पुन्हा मधेच आला. “आता झाली.”

पाणसळ खरी की खोटी हे ओळखायची ही एवढीच परीक्षा. तिला फिरवून ठेवायचे. दोन्ही वेळा ती तेच म्हणाली, तर ती खरी. मी त्या परीक्षेत उतरले आणि एका गवंड्याच्या हाती आले.

आमचे मिस्त्री तेव्हा तरुण होते. हाताचे काम इतके नेटके, की त्यांनी बांधलेल्या भिंतीवरून नजर घसरत जावी. वाकडे त्यांना सहनच होत नसे. कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी दाराची चौकट बघत आणि मग माणसांकडे. कामावरची मंडळी त्यांना ‘सरळमिस्त्री’ म्हणत, पाठीमागे थोडे हसून आणि समोर थोडे घाबरून. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते मला फिरवून तपासत. एक दिवस चुकला नाही. विटांचे थर, खिडक्यांचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, सगळीकडे शेवटचा शब्द माझा असे. “पाणसळ काय म्हणते?” असे ते विचारत, आणि मी जे म्हणे ते होई. मित्रांनो, एवढा मान मिळाला की कुणाचेही डोके चढते. माझे नाही चढले, कारण मला डोके नाही. पण मिस्त्रींचे जरा चढले.

त्यांना एक लेक होती. घरी रात्री पिशवी रिकामी झाली की ती मला पळवायची. जमिनीवर उताणी झोपून मला पोटावर ठेवायची आणि श्वासागणिक बुडबुडा कसा इकडेतिकडे होतो ते मान उचलून बघायची. झोपलेल्या मांजरावर ठेवायची. एकदा तिने मला बापाच्या खांद्यांवर आडवे धरले.

“बाबा, तुमचा डावा खांदा खाली आहे.”

“पिशवी त्याच खांद्यावर असते ना,” मिस्त्री म्हणाले.

“मग तुम्ही वाकडे?”

तिची आई तेव्हा भांडी पुसत होती. ती इतकी हसली, की हातातले झाकण खाली पडले.

आई हसरी होती, पण तिचे बोलणे नेमके असे. मिस्त्रींना एक खोड होती. एखादी गोष्ट एकदा तपासली की त्यांच्या दृष्टीने ती कायमची तपासून झाली. माणसांनाही ते तसेच तपासत. एक भाजीवाला एकदा तिरका बोलला, म्हणून त्यांनी अख्खा बाजार टाकला. शेजारच्या मास्तरांनी एकदा शिडी उशिरा परत केली, तर मास्तर कायमचे बेभरवशाचे ठरले. पुढे त्याच मास्तरांनी मिस्त्रींच्या आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसून काढली, तरी ठपका काही पुसला गेला नाही.

“शितावरून भाताची परीक्षा,” मिस्त्री म्हणत.

“अहो, सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजतो, म्हणून एक शीत दाबून चालतं,” आई म्हणे. “माणूस काय एका पातेल्यात शिजतो? सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. कामावरचा वेगळा, घरातला वेगळा. कुठलं शीत दाबणार तुम्ही?”

यावर मिस्त्री पेपर उघडत. पेपर उघडला की आई जिंकली असे घरात समजले जाई.

लेक मोठी झाली आणि बापाबरोबर कामावर येऊ लागली. फरशी बसवण्यात तिचा हात विशेष चांगला होता. आता मी तिच्याच पिशवीत असे, आणि तिथे माझ्याखेरीज आणखी एक वस्तू असे. पारदर्शक पाइपाची एक लांबलचक नळी, पाणी भरलेली. आमच्या व्यवसायात दूरदूरच्या दोन जागांची उंची ताडायला ती वापरतात. नळीचे एक टोक इथे धरायचे, दुसरे पार तिकडे, आणि मधली कशीही लोळू द्यायची, कोपऱ्यावरून वळू द्यायची. दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर येऊन थांबते. मला प्रथम ती नळी आवडली नाही. धड उभी राहत नाही, सापासारखी वेटोळी घालून पडते, आणि शिवाय एकट्या माणसाला ती वापरता येत नाही. दुसरे टोक धरायला कुणीतरी लागतेच. माझे तसे नाही. मला एकटा माणूस उचलतो, ठेवतो आणि निकाल ऐकून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट आहे. माझ्यात बुडबुडा नसेल तर मी मुकी. तिच्यात बुडबुडा अडकला तर ती खोटी. एकीचा जो आवाज, तोच दुसरीचा आजार. एका पिशवीत राहूनही आमचे कधी जमले नाही.

मग ते दवाखान्याचे काम आले.

एका जुन्या दवाखान्याशेजारी नवी इमारत उभी राहत होती. दोन्ही इमारतींना जोडणारा एक लांब पॅसेज होता, मधे काटकोनात वळणारा. त्या वळणामुळे पॅसेजची दोन टोके एका वेळी कुणालाच दिसत नसत. मिस्त्री वरच्या मजल्यावर छताच्या गिलाव्यात अडकले होते. पॅसेजची फरशी त्यांनी लेकीवर सोपवली. तिचे पहिले स्वतंत्र काम. ती किती खूश होती ते मी पिशवीतूनही ओळखले, कारण पिशवी झुलत होती.

तिने आधी नळी काढली, कामावरच्या एका बाईला दुसरे टोक धरायला लावले, आणि तिच्या लक्षात आले की नकाशात दोन्ही इमारती एका पातळीवर दाखवल्या असल्या तरी तशा नाहीत. जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे फरशीवर फरशी चढत गेली होती. तिची जमीन चार बोटे वर होती. म्हणजे पॅसेज अगदी सपाट केला, तर जुन्या दाराशी चार बोटांची पायरी येणार. लेकीने थोडा वेळ विचार केला. रोग्यांच्या खाटा, चाकांच्या खुर्च्या, औषधांचे गाडे, सगळे इथूनच जाणार होते. तिने ठरवले, की चार बोटांचा हा चढ पॅसेजच्या पूर्ण लांबीत वाटून टाकायचा. इतका थोडा थोडा, की चालणाऱ्याच्या पायाला कळणार नाही आणि चाकाला जाणवणार नाही.

तसे तिने केले. प्रत्येक फरशी आपल्या शेजारणीशी माझ्या कडेखाली जुळवून पाहिली, एकही डुगडुगत नव्हती. तिच्या मनात काय होते तेही सांगते, कारण ती ते त्या बाईला सांगत होती: काम पुरे झाले की बाबांना बोलवायचे, हातात फरश्यांनी भरलेला गाडा द्यायचा, आणि म्हणायचे, ढकला या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पण बाबा आधीच आले. तेही मधल्या जिन्याने, थेट वळणापाशी उतरले. बरोबर कामावर देखरेख करणारे साहेब होते, आणखी दोनचार गवंडी होते. मिस्त्रींनी सवयीने मला उचलले आणि पायाशी फरशीवर ठेवले.

बुडबुडा एका बाजूला गेला.

मिस्त्रींनी मला फिरवून ठेवले. बुडबुडा पुन्हा त्याच दिशेला गेला. मी खरी होते.

“वाकडी आहे,” ते म्हणाले.

“बाबा, ती मुद्दाम तशी केलीय. तुम्ही दोन्ही टोकं बघा—”

“मला टोकं शिकवतेस? पाणसळ खोटं बोलते का?”

“पाणसळ खोटं नाही बोलत. पण तुम्ही तिला काय विचारलंत, तेवढंच ती सांगते. एकदा चला माझ्याबरोबर, त्या दारापर्यंत.”

मागून कुणीतरी हळूच हसले. “लेकीचं काम आहे, चालायचंच,” असे काहीसे बोलले. ते वाक्य मिस्त्रींच्या कानात शिरताना मी पाहिले. आयुष्यभर त्यांनी कुणाचे वाकडे चालवून घेतले नव्हते. लेकीचे घेतले, असे लोकांनी म्हणावे हे त्यांना मरणापेक्षा वाईट होते. ते दारापर्यंत चालत गेले असते, तर वीसेक पावलांचे काम होते. ते गेले नाहीत. त्यांनी पहार मागवली आणि अजून ओली असलेली फरशी स्वतःच्या हाताने उचलली.

लेक शेवटची फरशी निघेपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. मग तिने नळीतले पाणी ओतून दिले, नळी गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि मला उचलून बापाच्या पायाशी ठेवले. “ही तुमची,” एवढेच म्हणाली.

मिस्त्रींनी पॅसेज पुन्हा बांधला. काय सांगू, किती सुंदर बांधला! कुठेही ठेवा, माझा बुडबुडा मधोमध. जुन्या दाराशी चार बोटांची पायरी उरली, तिथे त्यांनी हातभर लांबीचा उतरता उंचवटा करून दिला. “दाराला उंबरा असतोच,” असे म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. नकाशाही सपाट होता, मीही सपाट म्हणत होते. कुणी काय बोलणार?

लेक दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली. पुढे तिचे नाव झाले, तिच्या हाताखाली माणसे आली. घरी यायची ती आईपुरती. बापलेकीत ‘हो’, ‘नाही’, ‘येते’ यापलीकडे शब्द उरले नाहीत. कुणी तिचे कौतुक केले तर मिस्त्री म्हणत, “असेल. पण एक फरशी धड बसवता आली नव्हती तिला.” पोटावर मला ठेवून हसणारी, आईचे पाय चेपणारी, ऊन-पाऊस न बघता बापामागे विटा वाहिलेली ती सगळी मुलगी एका फरशीखाली दाबली गेली.

आईने किती समजावले! “अहो, बुडबुडा घेऊन पोरीला मोजायला निघालात का?” पण आता मिस्त्री पेपरही उघडत नसत, नुसते गप्प बसत.

वर्षे गेली. मिस्त्रींचे गुडघे गेले, काम सुटले. मला दारामागच्या खिळ्याला टांगले. मित्रांनो, पाणसळीला टांगणे म्हणजे तिला उभी करणे. उभ्या पाणसळीचा बुडबुडा वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. तिला सांगण्यासारखे काहीच नसते. त्या खिळ्यावर मी किती दिवस काढले ते मोजले नाही. कोळ्याने माझ्या आणि भिंतीच्या मधे जाळे विणले. ते मात्र चारही बाजूंनी ताणून, मधोमध बसून विणले होते. कुठेही काही हलले तरी त्याला कळत असे. मी ते बघत बसे.

मग आईच्या पाठीचे दुखणे सुरू झाले.

मणक्याचे काहीतरी होते. तिला दवाखान्यात ठेवले, त्याच दवाखान्यात. तिची खाट जुन्या इमारतीत आणि व्यायामाचे उपचार नव्या इमारतीत, त्यामुळे रोज तिला चाकांच्या खुर्चीतून पॅसेजने जावे लागे. मिस्त्री सकाळी जात, लेक संध्याकाळी. एकमेकांची गाठ पडू नये अशी दोघांनी बरोबर वेळ साधली होती. “एक सकाळी येतो, एक संध्याकाळी येते,” आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “आणि मधली सगळी दुपार माझी एकटीची. दोघं एकदम समोर दिसली असती, तर अर्धं दुखणं इथंच पळालं असतं.”

हे सगळे मला कसे कळले? मिस्त्री घरी येऊन रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने बोलत. माणूस एकटा पडला की भिंतींशी बोलतो, आणि मी भिंतीवरच होते.

एके सकाळी खुर्ची ढकलायला वॉर्डातला मामा आला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, मीही येतो. जुन्या दारापाशी मामाने सराईतपणे हाक दिली, “आजी, धरा हं! डोंगर आला.”

आईने आधीच दोन्ही हात घट्ट आवळले होते. डोळे मिटले होते. खुर्चीची पुढची लहान चाके उंचवट्यावरून खाली आपटली, मग मागची. आईच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण तिचा चेहरा मिस्त्रींनी पाहिला.

“रोज असंच होतं?” त्यांनी विचारले.

“सगळ्यांचंच होतं,” मामा म्हणाला. “हाडं मोडलेल्यांना तर विचारूच नका. कोण शहाणा गवंडी होता, देव जाणे.”

“होता एक,” डोळे न उघडता आई म्हणाली. “फार सरळ माणूस.”

त्या दिवशी घरी आल्यावर मिस्त्री दारामागे आले. मग त्यांनी जाळे पुसले आणि मला खाली काढले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. पॅसेजच्या वळणावर, जिथे त्यांनी मला तेव्हा ठेवले होते, तिथेच त्यांनी मला पुन्हा ठेवले. गुडघे दुखत असूनही ते उकिडवे बसले. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

बुडबुडा हळूहळू आला आणि मधोमध थांबला.

त्यांनी मला फिरवले. मधोमध. दोन हात पुढे ठेवले. मधोमध. आणखी पुढे, अगदी दारापर्यंत, जागोजागी. प्रत्येक ठिकाणी मी तेच म्हणाले, बरोबर, बरोबर, बरोबर. आणि शेवटच्या ‘बरोबर’च्या पुढे हातभर अंतरावर तो डोंगर होता. तेवढ्यात एक खाट आली, चाके आपटली, आणि खाटेवरचे कुणीतरी कण्हले.

मित्रांनो, मी खोटे कधी बोलले नाही. पण त्या दिवशी मला बरोबर असण्याचाच शीण आला. माझा एकेक निकाल खरा होता, आणि तेवढ्या सगळ्या खऱ्यांची बेरीज एका माणसाच्या पाठीत कळ होऊन निघत होती.

मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले. मला मांडीवर आडवे ठेवले, खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. शेवटी लावला.

“मी बोलतोय... हो, आई बरी आहे. तुझ्याकडे पाण्याची नळी आहे का अजून?”

 पलीकडून लेकीचा आवाज आला. “नळी आहे. दुसरं टोक धरायला माणूस लागेल.”

“मी आहे ना,” मिस्त्री म्हणाले.  “धरतो मी.”

परवानगीसाठी लेक मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्या म्हणाल्या, “त्या डोंगराला आम्हीही कंटाळलोय, पण पॅसेज बंद ठेवता येणार नाही.” लेक म्हणाली, “बंद नको. अर्ध्या रुंदीत काम करू, अर्ध्या रुंदीतून खाटा जाऊ द्या. ती बाजू झाली की ही.” सिस्टर तयार झाल्या.

नळी धरायची वेळ आली तेव्हा लेक नव्या इमारतीच्या टोकाला गेली आणि मिस्त्री जुन्या दाराशी उभे राहिले. मधे वळण. दोघे एकमेकांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

“बाबा, पाणी थांबलं का?”

“नाही गं, हलतंय.”

“नळीत बुडबुडा आहे का बघा.”

“नाही. माझा हातच हलतोय.”

 लेक म्हणाली, “भिंतीला टेकवा हात. घाई नाही.”

“आता थांबलं.”

“खूण करा.”

मिस्त्रींनी खूण केली. मी शेजारी पिशवीतून टोक काढून बघत होते. चार बोटांचा फरक होता तिथेच होता, तेव्हाही होता. तो दिसायला दोन टोकांना दोन माणसे लागत होती, एवढेच.

वळणापासून जुन्या दारापर्यंतची फरशी त्यांनी उचलली. तेवढी लांबी पुरेशी होती. त्यांच्याने आता पहार उचलवत नव्हती, ते बसून सिमेंट-वाळूचा मसाला सारखा करत, लेक फरशी ठेवे. त्या दिवसांत आईची खुर्ची उघड्या अर्ध्या भागातून जाई. तिला दोघे एकदम दिसत.  मामा सांगत होता, की आजी पाठ दुखत असूनही मान वळवून वळवून बघतात.

माझाही उपयोग झाला. नळीला दोन टोके कळतात, पण मधली एखादी फरशी डुगडुगते आहे की नाही, एखादी कड वर आली आहे का, ते तिला कळत नाही. ते मी सांगितले. लेक दोघींना विचारत होती, जिचे तिला. पूर्वी एका पिशवीत राहून आमचे भांडण कशावरून होते, ते मला आठवेना.

काम पुरे झाले. मिस्त्रींनी सवयीने मला उचलले आणि वळणावर ठेवले. बुडबुडा बाजूला गेला, तसाच, त्याच दिशेला.

“पाणसळ म्हणतेय वाकडी आहे,” मिस्त्री म्हणाले.

लेकीने मान वर केली. “मग?”

“मग काय? तिच्यापुरतं तिचं खरं आहे.” त्यांनी मला उचलून लेकीच्या पिशवीत ठेवले. “ही तुझी.”

मग ते वॉर्डात गेले आणि मामाला म्हणाले, आज खुर्ची मी ढकलतो. लेक बाजूने चालत होती, मी तिच्या खांद्यावर. जुने दार जवळ आले तसे आईने डोळे मिटले, दोन्ही हात आवळले आणि श्वास धरला. खुर्ची चालत राहिली. वळण आले.

“आला नाही का अजून डोंगर?” आईने विचारले.

“गेला,” मिस्त्री म्हणाले.

“कधी?”

 आईने एक डोळा उघडला, मग दुसरा. एका बाजूला नवरा होता, दुसऱ्या बाजूला लेक. आवळलेल्या मुठी तिने सोडल्या आणि दोघांच्या हातांत एकेक हात देऊन टाकला. एका हाताने खुर्ची ढकलणे अवघड असते. जरा तिरकीच जात होती ती. पण सरळमिस्त्री काही बोलले नाहीत.

आता मी लेकीकडे असते. ती मला फार वापरत नाही. मी हळू झाले आहे आणि तिच्याकडे नव्या पाणसळी आहेत. वापरते तेव्हा आधी फिरवून तपासते, मग उठून पलीकडच्या टोकाला जाऊन येते. मला त्याचा राग येत नाही. उलट बरे वाटते. सगळे ओझे माझ्या एकटीवर राहत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्याकडेही असतील. कुणाचे एक वाक्य ऐकून, एक चूक बघून, एक गुण मोजून तुम्हीही निकाल देत असाल. द्या, पण थकल्याभागल्या या पट्टीचे एवढे ऐका. मला भिंतीला टांगून विसरू नका, आणि माझ्याकडून माझ्या लांबीपेक्षा जास्त काही वदवून घेऊ नका. मी ‘बरोबर’ म्हटले की लगेच पहार मागवू नका. आधी विचारा, कुठून कुठपर्यंत?

मी खरे तेच सांगेन. हातभर.